निवडीची शिकवण अर्धी सांगू नका: मराठी मंडळ्यांच्या पाळकांना खुले पत्र

आदरणीय बिशपसाहेब, पाळकसाहेब आणि सेमिनरीत शिकवणारे गुरुजनहो,

सप्रेम जय ख्रिस्त.

देवाच्या पूर्वनियोजनाबद्दल, म्हणजे तारणासाठी देवाने माणसांची आधीच निवड केली या शिकवणीबद्दल, तुम्ही आमच्याशी बोलत नाही, म्हणून हे पत्र लिहिते आहे. पश्चात्तापावर उपदेश होतात, विश्वासावर होतात, दशमांशावर तर दरवर्षी होतात. पण जगाच्या स्थापनेपूर्वी देवाने आपल्याला ख्रिस्तामध्ये निवडून घेतलं, असं प्रेषित पौल इफिसकरांस पत्राच्या पहिल्याच अध्यायात म्हणतो. त्या वाक्यापाशी थांबून, त्याचा अर्थ उलगडून सांगितलेला उपदेश मी आमच्या मंडळीत कधी ऐकलेला नाही. तुम्ही बोलत नाही म्हणून विषय बंद राहत नाही. आमची मुलं तो मोबाइलवर ऐकतात, परदेशी उपदेशकांच्या व्हिडिओंतून या शिकवणीचे पाच मुद्दे पाठ करतात आणि संडे स्कूलमध्ये येऊन मला विचारतात, "बाई, सगळं आधीच ठरलंय तर प्रार्थना कशाला करायची?" आणि मग दबक्या आवाजात दुसरा प्रश्न येतो: "माझी आजी हिंदूच राहिली, तशीच वारली. ती निवडलेली नव्हती का?"

या मुलांना उत्तर देण्याची पहिली जबाबदारी तुमची आहे. मी इथे जे मांडते आहे, ते तुमच्याच पुस्तकांत आहे. ते आमच्यापर्यंत पोचत नाही, एवढीच माझी तक्रार.

मूळ म्हणणं फार अवघड नाही. माणूस आपल्या बळावर देवाकडे वळू शकत नाही. तो वळतो तेव्हा देवाची कृपा त्याच्या आधी तिथे पोचलेली असते. आणि ही कृपा देवाला ऐनवेळी सुचलेली नसून ती त्याच्या अनादी संकल्पातली आहे. एवढं जवळपास सगळ्या पंथांना मान्य आहे. वाद सुरू होतो तो याच्या पुढे. कोण विश्वास ठेवील हे आधी पाहून देवाने निवड केली, की माणसातलं काहीही न पाहता, केवळ आपल्या दयेने? पाचव्या शतकातला बिशप ऑगस्टीन, सोळाव्या शतकातले धर्मसुधारक लूथर आणि कॅल्व्हिन, आणि नेदरलँड्समधली १६१८-१९ची दॉर्तची सभा दुसरं उत्तर देतात. डच धर्मपंडित आर्मिनियस आणि मेथडिस्ट चळवळीचा संस्थापक वेस्ली पहिल्याकडे झुकतात. आणि काहींना निवडलं तर बाकीच्यांना नाकारायचंही देवाने ठरवलं का? इथे कॅल्व्हिन हो म्हणतो आणि कचरत नाही. पण त्याच्या हजार वर्षं आधी, ५२९ साली, दक्षिण फ्रान्समधल्या ऑरेंजच्या सभेने कृपेच्या बाबतीत ऑगस्टीनची बाजू घेतली आणि त्याच दमात सांगितलं की, देवाने कुणाला दुष्टपणासाठी नेमलं असं मानणारा कोणी असेल तर त्याचा धिक्कार असो. रोमन कॅथलिकांतही डॉमिनिकन आणि जेझुइट या दोन धर्मसंघांत १५९७ ते १६०७ अशी दहा वर्षं रोममध्ये चर्चा चालली. शेवटी पोप पाचव्या पॉलने निकाल दिला नाही; एकमेकांना पाखंडी म्हणू नका, एवढंच बजावलं.

मुलांना हे कळायला हवं की त्यांचा प्रश्न जुना आहे आणि आदरणीय आहे. उत्तर आफ्रिकेतल्या हॅद्रुमेटमच्या मठात, आज जिथे ट्युनिशियाचं सूस शहर आहे तिथे, साधारण ४२६ साली तरुण संन्यासी हाच वाद घालत होते. कृपाच सगळं करते तर आमचे वडीलधारे आम्हाला रागावतात कशाला? त्यांनी आमच्यासाठी फक्त प्रार्थना करावी. वृद्ध ऑगस्टीनने त्यांच्यासाठी दोन ग्रंथ लिहिले. बोध, आज्ञा, कानउघाडणी, प्रार्थना ही सगळी कृपेचीच साधनं आहेत, देव यांतूनच काम करतो, असं त्याने समजावलं. आणि एक गोष्ट त्याने सांगितली, ती प्रत्येक मंडळीच्या दारावर लिहून ठेवावी अशी आहे. कोण निवडलेला आणि कोण नाही हे आपल्याला माहीत नाही, म्हणून प्रत्येकाचं तारण व्हावं अशीच इच्छा प्रीतीने आपल्याला झाली पाहिजे. बाकी सगळ्या बाबतींत कठोर वाटणाऱ्या ऑगस्टीनचं हे वाक्य व्हिडिओंमध्ये कुठे ऐकू येत नाही.

आता आपल्या घरांकडे या. जन्मलेल्या बाळाच्या कपाळी सटवाई लिहून जाते, ही समजूत आमच्या रक्तात आहे. बाप्तिस्मा झाला म्हणून ती एका पिढीत पुसली जात नाही. त्यामुळे 'देवाने आधीच ठरवलं आहे' एवढंच अर्धं वाक्य आमच्या कानावर पडतं, तेव्हा आम्ही ते ललाटलेख म्हणूनच ऐकतो. लग्न कुठे जुळायचं, नोकरी लागायची की नाही, मरण कधी यायचं, हे सगळं लिहिलेलं आहे, आपण गप्प बसायचं.

पौल असं काही म्हणत नाही. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात देवाने आपल्याला कशासाठी नेमलं ते तो स्पष्ट सांगतो: त्याच्या पुत्राच्या प्रतिरूपासारखं व्हावं यासाठी, म्हणजे पुष्कळ भावंडांत येशू थोरला ठरावा यासाठी. नेमणूक येशूसारखं होण्याची आहे. त्यात अपघाताची तारीख नाही, परीक्षेचा निकाल नाही. इफिसकरांस पत्रात तिसऱ्या वचनापासून चौदाव्यापर्यंत ग्रीक भाषेत एकच लांबच लांब वाक्य आहे. ते स्तोत्रासारखं धन्यवादाने सुरू होतं आणि त्यात 'ख्रिस्तामध्ये', 'त्याच्यामध्ये' हे पुन्हा पुन्हा येतं. ललाटलेखाला चेहरा नसतो. इथे चेहरा आहे, आणि तो खिळे ठोकलेल्या माणसाचा आहे. फिलिप्पैकरांस लिहिताना तोच पौल म्हणतो, भीत व कापत आपलं तारण साधून घ्या, कारण तुमच्यात इच्छा आणि कृती घडवणारा देवच आहे. देव काम करतो आहे, म्हणून तुम्हीही करा. दैववादी माणूस हे वाक्य उच्चारूच शकत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती आपल्याकडे तर विसरताच येणार नाही. अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१पासून अहमदनगरला सुरू झालं. पुढे नगर, जालना आणि आसपासच्या खेड्यांतून जे ख्रिस्ताकडे आले, त्यांत फार मोठा वाटा महार आणि मांग समाजातल्या माणसांचा होता. आमच्यापैकी अनेकांचे पणजोबा-खापरपणजोबा तेच. जन्माआधीच तुमची जागा ठरलेली आहे, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं होतं. मागच्या जन्मीचं फळ म्हणून सांगितलं गेलं होतं. त्यांच्या कानी पौलाचं करिंथकरांस पत्र आलं: जगातलं जे हीन, जे तुच्छ मानलेलं, जे काहीच नाही, ते देवाने निवडलं. त्यांच्यासाठी निवडीची शिकवण म्हणजे गावाने दिलेला निकाल देवाने फिरवला, असा अर्थ होता. आज तीच शिकवण त्यांच्या नातवंडांना 'काहींची जागा जन्माआधीच नरकात ठरली आहे' अशा स्वरात ऐकवली, तर आपण त्या माणसांचा मोठा अपराध करतो. निवड ही एखाद्या गटाची मालमत्ता झाली की काय होतं, हे दक्षिण आफ्रिकेने दाखवलं. कॅल्व्हिनचं नाव सांगणाऱ्या गोऱ्या मंडळ्यांनी स्वतःला निवडलेली प्रजा समजून वर्णभेदाला धर्माचा आधार दिला. त्याला उत्तरही कॅल्व्हिनच्याच परंपरेतून आलं. १९८२ साली तिथल्या गोऱ्यांनी वेगळ्या ठेवलेल्या मिशन मंडळीने बेल्हार इथे विश्वासाचा अंगीकार लिहिला, १९८६ साली तो स्वीकारला, आणि त्यात स्वच्छ म्हटलं की अन्याय सोसणाऱ्यांच्या बाजूने देव उभा राहतो, म्हणून मंडळीनेही तिथेच उभं राहावं. जातीवरून दफनभूमीत वेगळ्या रांगा असण्याच्या गोष्टी आपल्या देशातही ऐकू येतात. तेव्हा हा अंगीकार आपल्या सेमिनरीत नुसता परीक्षेपुरता राहू नये.

कॅल्व्हिनला सरसकट खलनायक करणंही मला मान्य नाही. त्याने पुस्तकात या विषयाला जागा कुठे दिली ते पाहा. त्याच्या मुख्य ग्रंथाच्या १५३९च्या आवृत्तीत पूर्वनियोजन आणि देवाची जगावरची देखरेख हे दोन्ही विषय एकाच प्रकरणात होते. १५५९च्या शेवटच्या आवृत्तीत त्याने ते वेगळे केले. देखरेख पहिल्या भागात, सृष्टीच्या विचाराबरोबर. पूर्वनियोजन थेट तिसऱ्या भागात. विश्वास, पश्चात्ताप, ख्रिस्ती जीवन आणि प्रार्थना यांवरची प्रकरणं संपल्यावर, २१व्या ते २४व्या प्रकरणांत. आधी माणूस ख्रिस्ताकडे आला, गुडघ्यावर बसला, मग मागे वळून म्हणाला, हे माझ्याने झालेलं नाही. त्याच जागी ही शिकवण खरी वाटते. ख्रिस्ताला बाजूला ठेवून देवाच्या गुप्त ठरावात डोकावणाऱ्याला त्याने सक्त ताकीद दिली आहे, आणि आपली निवड पाहायचा आरसा ख्रिस्तच आहे, असं म्हटलं आहे. नाकारण्याच्या ठरावाला त्याने स्वतः 'भयंकर' म्हटलं. तो लिहीत होता ते बव्हंशी निर्वासितांसाठी आणि फ्रान्समध्ये मरणाच्या छायेत जगणाऱ्यांसाठी. १५५३ साली लीओंमध्ये लोझानहून परतलेले पाच विद्यार्थी जिवंत जाळले गेले. त्यांना तुरुंगात त्याची पत्रं जात होती. राजा, न्यायाधीश आणि आग यांच्यापैकी कुणीही तुम्हाला देवाच्या हातातून काढून घेऊ शकत नाही, हे अशा माणसांना सांगायचं तर निवडीखेरीज दुसरे शब्द कुठून आणणार?

तरीही त्याने शेवटी नाकारलेल्यांबद्दल जे लिहिलं, तिथे मी त्याच्याबरोबर जाऊ शकत नाही. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलमध्ये धर्मपंडित कार्ल बार्थने १९४२ साली याच परंपरेत राहून ती गाठ वेगळी सोडवली. निवडणारा देव आणि निवडलेला माणूस दोन्ही ख्रिस्तच. आणि नाकारलं जाणं असेल तर तेही वधस्तंभावर त्यानेच आपल्या अंगावर घेतलं. सगळे प्रश्न याने सुटतात असं मी म्हणत नाही. पण आरशात ख्रिस्तच दिसतो असं म्हणायचं आणि त्याच्यामागे आणखी एक वेगळा, गुप्त देव उभा करायचा, हे बार्थने होऊ दिलं नाही, म्हणून तो मला जवळचा वाटतो.

पूर्वनियोजन आणि देवाची देखरेख या दोन विषयांची सरमिसळ केली की काय होतं, ते मी एका लहान बाळाच्या दफनाच्या वेळी पाहिलं. कबरीपाशी आईसमोर सांगितलं गेलं की देवाने हे आधीच नेमलं होतं, त्याच्या योजनेला प्रश्न विचारू नये. ती बाई पुढे कितीतरी महिने चर्चला आली नाही. पाळकहो, पूर्वनियोजनाची सगळ्यात कडक मांडणी म्हणून जिचं नाव घेतलं जातं, त्या दॉर्तच्या सभेने या आईला काय सांगितलं आहे? पहिल्या विभागाच्या सतराव्या कलमात लिहिलं आहे: विश्वासणाऱ्यांची जी मुलं बालपणीच देवाघरी जातात, त्यांच्या निवडीबद्दल आणि तारणाबद्दल आईबापांनी शंका धरू नये. बस्स. हे कलम कबरीपाशी वाचून दाखवता आलं असतं. कोल्हापूर भागात ज्यांच्या मिशनने काम केलं त्या अमेरिकन प्रेसबिटेरियन मंडळीने १९०३ साली याच्याही पुढे जाऊन जाहीर केलं की बालपणी वारलेली सगळीच मुलं देवाच्या निवडीत आहेत असा आमचा विश्वास आहे. कॅल्व्हिनचं स्वतःचं एकुलतं मूल १५४२ साली जन्मल्यावर थोड्याच दिवसांत गेलं. त्याने ती जखम लपवली नाही. मग आपणच कबरीपाशी इतके कोरडे का होतो?

आता त्या मुलाच्या आजीबद्दल. व्हिडिओवाले रोमकरांस पत्राचा नववा अध्याय उघडतात: याकोबावर प्रीती केली, एसावाचा द्वेष केला, कुंभाराला मातीवर अधिकार नाही काय? आणि तिथेच पुस्तक मिटतात. पण हा अध्याय कसा सुरू होतो? पौल रडतो आहे. माझ्या अंतःकरणात अखंड वेदना आहे, तो म्हणतो. माझ्या रक्ताच्या भाऊबंदांसाठी मी स्वतः ख्रिस्तापासून तोडला गेलो तरी चालेल. ख्रिस्ताला न मानलेल्या आपल्याच माणसांसाठी तो तळमळतो आहे. कुंभार आणि माती या तळमळीच्या पोटात येतात. ज्याला आपल्या आजीसाठी रडू आलं, तो पौलाच्याच जागी उभा आहे, आणि त्याला हे कुणीतरी सांगायला हवं.

शिवाय पौलाने ती एसावाची ओळ मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकातून घेतली आहे, आणि एसावाची गोष्ट तिथे संपत नाही. मलाखीत तर ती दोन राष्ट्रांबद्दल आहे, याकोबाचे वंशज इस्राएल आणि एसावाचे वंशज अदोम. उत्पत्तीच्या तेहतिसाव्या अध्यायात याकोब घाबरत घाबरत परत येतो, आणि नाकारलेला एसाव धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडतो, दोघे रडतात. निवडलेला याकोब नाकारलेल्या भावाला म्हणतो, तुझं मुख पाहून मला देवाचं मुख पाहिल्यासारखं झालं. नियमशास्त्रात, 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात, आज्ञा आहे: अदोम्याचा तिटकारा करू नको, तो तुझा भाऊ आहे. आणि पौल स्वतः अकराव्या अध्यायापर्यंत पोचतो तेव्हा म्हणतो, देवाने सर्वांना आज्ञाभंगात कोंडलं ते सर्वांवर दया करावी म्हणून. तिथून पुढे त्याचा युक्तिवाद थांबतो आणि स्तुती सुरू होते. मी त्या मुलाला एवढंच सांगितलं की तुझ्या आजीबद्दल निकाल देण्याचा अधिकार देवाने माझ्याकडे दिलेला नाही, त्या व्हिडिओवाल्याकडेही नाही. तिचा न्याय जो करणार आहे तो तिच्यासाठी मेलेला आहे. याहून नीट उत्तर तुमच्याकडे असेल तर ते ऐकायची मला खरोखर उत्सुकता आहे.

एक धोक्याची गोष्टही सांगायला हवी. इंग्लंडमधल्या ओल्नी गावात विल्यम काउपर नावाचा कवी राहत होता. इतरांना शतकानुशतकं धीर देणारी गीतं त्याने लिहिली. पण १७७३ साली त्याला खात्री वाटू लागली की देवाने आपल्याला कायमचं टाकलं आहे. त्यानंतर मरेपर्यंत, म्हणजे १८००पर्यंत, तो पुन्हा उपासनेला गेला नाही. त्याचं मन आजारी होतं, सगळा दोष शिकवणीवर टाकता येणार नाही. पण आजारी मनाला ही शिकवण सहज सापडते आणि ते तिने स्वतःलाच मारत बसतं. त्याचे पाळक जॉन न्यूटन स्वतः निवडीवर ठाम विश्वास ठेवणारे होते. त्यांनी वादविवाद केला नाही. त्यांनी त्याला वर्षाहून अधिक काळ आपल्या घरी ठेवून घेतलं. तुमच्याकडे एखादा मुलगा किंवा मुलगी येऊन म्हणाली की मी नाकारलेली आहे, तर न्यूटनने केलं तसं करा: आधी जवळ घ्या, घरच्यांना सांगा, डॉक्टरकडे न्या. वचनं मग शोधता येतील.

या विषयाने मंडळ्या फुटतील ही तुमची भीती मला कळते. १७३९ साली वेस्लीने पूर्वनियोजनाविरुद्ध उपदेश केला, कॅल्व्हिनच्या बाजूचा उपदेशक व्हाइटफील्ड याने १७४१ साली छापील उत्तर दिलं, आणि जिवलग मित्रांची वाट वेगळी झाली. पण मैत्री पुन्हा जुळली, मतं न जुळता. व्हाइटफील्ड वारला तेव्हा नोव्हेंबर १७७०मध्ये लंडनला त्याच्या स्मरणार्थ उपदेश केला तो वेस्लीनेच. त्यानंतर बरोबर दोनशे वर्षांनी, २९ नोव्हेंबर १९७०ला, आपल्या नागपुरात उत्तर भारताची मंडळी, म्हणजे सीएनआय, स्थापन झाली. वेस्लीचे वारस मेथडिस्ट आणि कॅल्व्हिनच्या परंपरेतले प्रेसबिटेरियन एकाच छताखाली आले. अँग्लिकन आणि बॅप्टिस्टही आले. हा वाद पोटात घेऊनच आपली मंडळी जन्मली आहे. तिला तो झेपतो. झाकून ठेवण्याचं कारण नाही.

माझी मागणी मोठी नाही. तरुणांच्या पुढच्या शिबिरात तीन संध्याकाळ या विषयाला द्या. पहिल्या दिवशी रोमकरांस पत्राचे ९, १० आणि ११ हे तीनही अध्याय एका बैठकीत मोठ्याने वाचा, मध्ये कुठेही न थांबता. दुसऱ्या दिवशी इफिसकरांस पत्राचा पहिला अध्याय, आणि मुलांना त्यांचे प्रश्न कागदावर नावाशिवाय लिहून द्यायला सांगा. नावाशिवाय असले तरच आजीचा प्रश्न बाहेर येईल. तिसऱ्या दिवशी वेस्लीची बाजू मांडणारा एक पाळक आणि कॅल्व्हिनची बाजू मांडणारा एक पाळक समोर बसवा, आणि दोघांनी शेवटी एकमेकांसाठी प्रार्थना करावी. दॉर्तचं सतरावं कलम मराठीत छापून दफनविधीच्या पुस्तकात घाला. आणि सेमिनरीत एवढा नियम करा की मरणाच्या घरी जाणाऱ्या पाळकाने देवाच्या ठरावाबद्दल आपणहून काही बोलायचं नाही. घरच्यांनी विचारलं तरच बोलायचं, तेही ख्रिस्ताचं नाव घेऊन.

शिबिराच्या तारखा कळवाव्यात. आमच्या वर्गातली मुलं मी घेऊन येईन.

आपली ख्रिस्ती बहीण,
संडे स्कूलची एक शिक्षिका